काउंटरच्या पलीकडे उभी राहिले तेव्हा

तासगावात आमचं मेडिकल आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे २४ वर्षं, मी त्या काउंटरच्या आत उभी आहे. परवाना माझ्या नावावर, चिठ्ठी वाचून औषध काढायचं ते मीच. गेल्या भाद्रपदात रथोत्सवाच्या दिवशी गाव माणसांनी भरलं होतं, दुकान सकाळी आठला उघडलं ते रात्री साडेदहाला बंद केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर उजवा पाय जमिनीला टेकवेना. पडले नव्हते, घसरले नव्हते, मुरगळल्याचंही आठवत नव्हतं. घोट्याच्या पुढच्या बाजूला, खोल आत कुठंतरी दुखत होतं.

निदान व्हायला सहा आठवडे लागले. बोन मॅरो एडीमा, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात धरलेली सूज. वयाच्या ५१व्या वर्षी मी पहिल्यांदा पेशंट म्हणून चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिले. या दुखण्यावर जी औषधं देतात त्यातली बरीचशी माझ्या कपाटात आणि फ्रीजमध्ये वर्षानुवर्षं होती. ती विकायची कशी ते मला ठाऊक होतं, घ्यायची कशी हे निम्मंच ठाऊक होतं. राहिलेलं निम्मं लिहून काढते आहे.

१. वेदनाशामक गोळीनं दुखणं झाकलं जातं, पाय मात्र चालतच राहतो.

पहिले पाच आठवडे मी स्वतःच स्वतःची डॉक्टर होते. अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, सकाळ-संध्याकाळ. कपाट हाताशी, विचारणारं कुणी नाही. गोळी घेतली की चार-पाच तास बरे जायचे आणि तेवढे तास मी उभी असायचे. रात्री पाय ठणकायचा. सासूबाई तिळाचं तेल कोमट करून चोळायच्या, शेक द्यायच्या. त्यांच्या हाताला माया होती, पण शेकानंतर माझा ठणका वाढायचा आणि ते त्यांना सांगायला मला अवघड व्हायचं.

आज वाटतं, त्या पाच आठवड्यांत मी पायाला रोज खोटं सांगत होते. हाड म्हणत होतं, भार काढ. मी त्याचं तोंड गोळीनं बंद करत होते. असंच दुखणं घेऊन येणाऱ्या किती गिऱ्हाइकांना मी ‘पाच दिवस घ्या, बरं वाटेल’ म्हणून स्ट्रिप कापून दिली असेल, ते मोजता येणार नाही. त्याची मला आजही बोचणी आहे.

२. एक्स-रे साफ आला म्हणजे हाड साफ, असं नाही.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. काही नाही, स्नायू धरलाय, असं सांगितलं. त्यांना दोष देत नाही, कारण त्या फोटोत खरंच काही दिसत नव्हतं. हाडातलं खनिज बरंच कमी झाल्याशिवाय एक्स-रेत विरळपणा उमटत नाही आणि मगजातलं पाणी तर त्यात दिसतच नाही. ते दिसतं एमआरआयमध्ये. मिरजेला तपासणी झाली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मगजात चरबी असते. तपासणीच्या एका प्रकारात त्या चरबीचा उजेड मुद्दाम दाबतात, मग निरोगी हाड काळं दिसतं आणि पाणी पांढरं उठून येतं. माझ्या घोट्यातलं टॅलस नावाचं हाड निम्मं पांढरं होतं, त्याच्या पुढचं होडीच्या आकाराचं नॅव्हिक्युलरही एका कडेला पांढरं.

टॅलस हे विलक्षण हाड आहे. सगळ्या शरीराचा भार पावलाकडे जातो तो त्याच्यावरून, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेनं झाकलेला, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाटा थोड्या. अशा हाडाला बरं व्हायला वेळ लागतो, हे चित्र बघितल्यावर मला कुणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

या दुखण्याची पहिली ओळख पायात झाली नव्हती. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत खुबा दुखणाऱ्या तीन बायकांची नोंद केली. त्यांचं हाड विरळ झालं होतं आणि बाळंतपणानंतर आपोआप भरून आलं होतं. मगजातल्या सुजेचं नाव त्याला मिळालं ते एमआरआय आल्यावर, १९८८ मध्ये. म्हणजे मी कॉलेजात गेले तेव्हा हे नाव पुस्तकात यायचंच होतं.

३. ‘सूज’ ही खूण आहे. ती कशाची, हे शोधल्याशिवाय औषध सुरू करू नये.

या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे.

अहवालात ‘मगजात सूज’ असं आलं की आपण तेच आजाराचं नाव समजतो. पण पांढरा डाग अनेक कारणांनी उमटतो. बारीक तडा गेला असेल, हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरत असेल, जंतुसंसर्ग असेल, क्षयरोग असेल, संधिवात असेल, क्वचित गाठ असेल. या प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुकसान. माझ्या बाबतीत रक्त तपासलं, युरिक अ‍ॅसिड, साखर, सुजेची मापं, संधिवाताच्या चाचण्या, सगळं झालं. तड्याची रेघ आहे का हे चित्रात पुन्हा पुन्हा बघितलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा कुठं डॉक्टर म्हणाले, आता याला नुसती सूज म्हणू.

यात मधुमेहाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मी बूट घालून दुकानात बसायला लागल्यावर आमचे एक जुने गिऱ्हाईक आले, द्राक्षबागायतदार, मधुमेह १५ वर्षांचा. म्हणाले, ‘वैनी, माझाबी पाय सुजलाय बघा तुमच्यासारखा, पण दुखत न्हाई फार.’ पाय लाल होता. हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा चांगलाच गरम. त्यांना माझ्यासारखाच बूट हवा होता आणि ‘तुम्हाला मिळणार हाय ते सलाईन’ (त्या सलाईनची हकीकत पुढे येईल). मी दोन्हीपैकी काही दिलं नाही. मधुमेहानं नसा बधिर झालेल्या पायात अशी गरम, लाल, फारशी न दुखणारी सूज आली तर ती शार्को पायाची सुरुवात असू शकते. शार्को हे १९व्या शतकातले फ्रेंच वैद्य, त्यांनी असा सांधा १८६८ मध्ये वर्णन केला होता, दुसऱ्या एका रोगात. आज तो दिसतो तो मुख्यतः मधुमेहात. त्यात पाय दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि आतली हाडं चुरत जातात, पावलाची कमान कोसळते. त्यावर पहिला उपाय म्हणजे पायाला अंगालगत प्लास्टर आणि भार बंद. मी त्यांच्या मुलाला फोन करून बोलावलं आणि त्याच दिवशी मिरजेला पाठवलं. प्लास्टर लागलं. कमान टिकली.

त्यांनी त्या दिवशी सलाईन मागितलं म्हणून मी हे इतक्या आग्रहानं लिहिते आहे. आपल्याकडे एकाला लागू पडलेलं औषध दुसरा चिठ्ठीशिवाय मागतो, आणि बहुतेक वेळा ते त्याला मिळतं.

४. भार काढणं हा पथ्याचा भाग नाही, तोच पहिला उपचार.

गुडघ्याखालपर्यंत येणारा वॉकर बूट आणि दोन कुबड्या, सहा आठवडे. पायावर थोडाच भार टाकायचा. दहा दिवसांत रात्रीचा ठणका निम्म्यावर आला, तेव्हा एकही खास औषध सुरू झालेलं नव्हतं.

५. ड जीवनसत्त्व आधी तपासा, आधी भरा.

माझं ११ आलं. २०च्या खाली म्हणजे कमतरता. कायम दुकानात, सकाळपासून छपराखाली आणि रात्री अंधारात घरी, उन्हाचा संबंध नाही, तरी दहा पावलांवर ड जीवनसत्त्वाच्या पाकिटांचा खोका.

हे नुसतं हाडाच्या ताकदीसाठी नाही. पुढे जे सलाईन मिळणार होतं ते हाडातून कॅल्शियम बाहेर पडणं थांबवतं. रक्तातलं कॅल्शियम आधीच काठावर असेल आणि ड जीवनसत्त्व नसेल तर ते एकदम खाली जातं, बोटांना मुंग्या येतात, स्नायूंना पेटके येतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी ड आणि कॅल्शियम, मग रक्त तपासून खात्री, मग सलाईन. मला ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. जेवणानंतर दुधासोबत, कारण ते चरबीत विरघळतं. आठ आठवड्यांनी ३८ आलं.

इथंच एक सांगते. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द काउंटरवर दोनदा बोलावे लागतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एक आजी तेच साशे रोज घेत होत्या, शक्तीचं आहे म्हणून. महिन्याभरानं उलट्या, बद्धकोष्ठ, अंगात त्राण नाही. तपासलं तर रक्तातलं कॅल्शियम चढलेलं. तेव्हापासून मी पाकिटावर वार लिहून देते. ‘रविवार’ असं मोठ्या अक्षरात.

६. हाडाच्या औषधाआधी दात बघा आणि मूत्रपिंड बघा.

डॉक्टरांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन सुचवलं आणि पुढचंच वाक्य होतं, ‘दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या.’ मला कारण पुस्तकातून माहीत होतं. या गटातल्या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. औषध चालू असताना दात काढला तर तो धोका वाढतो. कर्करोगाच्या रुग्णांना हे औषध मोठ्या प्रमाणात आणि वारंवार मिळतं, तिथं हा त्रास जास्त दिसतो, एका सलाईनला फारच कमी. तरी सडका दात आधी काढून जखम भरू द्यायची, हे शहाणपण. माझी खालची एक दाढ दोन वर्षं किडलेली होती. ती काढली आणि हिरडी भरेपर्यंत सलाईन थांबलं. दुखऱ्या पायानं सहा आठवडे वाट बघणं जड गेलं, पण ती वाट बघणं बरोबर होतं.

मूत्रपिंडाचं मात्र मला धक्का देणारं निघालं. क्रिएटिनीन १.३. माझं वय आणि वजन धरून मूत्रपिंडाच्या गाळण्याचा हिशेब केला तर मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास. ३५च्या खाली असेल तर हे औषध देतच नाहीत, म्हणजे मी रेषेच्या वर होते, पण आरामात वर नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, ‘वेदनाशामक किती दिवस घेतलंत?’ पाच आठवडे, असं सांगताना माझी मान खाली गेली. ते पूर्ण बंद केलं, पाणी वाढवलं. महिन्यानं क्रिएटिनीन ०.९ वर आलं. पाच आठवडे मी स्वतःच विकलेल्या गोळ्या खाऊन माझ्या मूत्रपिंडावर ओझं टाकत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तपासणीशिवाय सलाईन लावून घेतलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अजून नीटपणे करू शकत नाही.

७. औषध हाडात जाऊन काय करतं ते समजून घेतलं की धीर धरता येतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पाण्यात फॉस्फेटच्या जातीची काही रसायनं अगदी थोडी घातली तर तो थर बसत नाही, हे कारखान्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. स्वित्झर्लंडमधले हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात त्याच धाग्यावरून विचार केला: शरीरात नको तिथं कॅल्शियम साचतं, ते अशा रसायनानं रोखता येईल का? त्यातून बिस्फॉस्फोनेट हा औषधांचा गट निघाला. पुढे कळलं की ही रसायनं हाडाच्या खनिजाला घट्ट चिकटतात आणि हाड खाणाऱ्या पेशींनी तो भाग खायला घेतला की त्या पेशींनाच निकामी करतात.

आपलं हाड आयुष्यभर खाल्लं जातं आणि पुन्हा बांधलं जातं. माझ्या टॅलसमध्ये खाणं बांधण्यापेक्षा वेगानं चाललेलं होतं, निदान तसा तर्क होता. खाणाऱ्यांना आवरलं तर बांधणाऱ्यांना वेळ मिळतो. अ‍ॅलेन्ड्रोनेट, आयबँड्रोनेट, झोलेड्रोनेट (म्हणजेच झोलेड्रोनिक अ‍ॅसिड) ही सगळी याच घरातली. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. झोलेड्रोनेट शिरेतून जातं, त्यामुळे पोटाचा प्रश्न येत नाही.

हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. म्हणून ज्या मुलींना पुढे मूल हवं आहे त्यांच्या बाबतीत डॉक्टर दहादा विचार करतात. माझी पाळी थांबून तीन वर्षं झाली होती, तो प्रश्न माझ्यापुरता मिटलेला होता. पण आमच्या शेजारच्या सुनेला, वय २९, असंच निदान झालं तेव्हा तिला फक्त बूट, ड जीवनसत्त्व आणि वेळ एवढंच दिलं, आणि ती मला येऊन विचारायची, ‘काकू, तुम्हाला चांगलं औषध दिलं, मला का नाही?’ तिला हे सगळं समजावायला मला एक पूर्ण दुपार लागली. ती दुपार सार्थकी लागली असं मी मानते.

८. माहितीपत्रकात आजाराचं नाव नसेल तर ते डॉक्टरांनी आधी सांगायला हवं, आणि आपणही विचारावं.

मी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं पत्रक उघडून वाचलं. हाडांचा ठिसूळपणा आहे, पॅजेट रोग आहे, मगजातली सूज कुठंच नाही. डॉक्टरांनी ते स्वतःहून सांगितलं: या दुखण्यासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही, अभ्यास आहेत पण लहान आहेत, फायदा दिसतो, खात्री देता येत नाही. मग संमतीपत्रावर सही घेतली. एवढ्या सरळपणे सांगितल्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

दुसऱ्या वाटाही त्यांनी सांगितल्या. युरोपात आयलोप्रॉस्ट नावाचं औषध या दुखण्याला देतात, रोज काही तास सलाईनमधून, सलग पाच दिवस. ते रक्तवाहिन्या रुंदावतं, त्यामुळे हाडातला तुंबलेला दाब उतरावा अशी कल्पना. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, मळमळ हे त्याचे नेहमीचे त्रास, म्हणून रक्तदाबावर नजर ठेवून देतात. याची मुळं शोधताना मला एक गोष्ट भावली. लंडनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात, आणि त्यांच्याच गटाला १९७६ मध्ये प्रोस्टासायक्लिन सापडलं. आयलोप्रॉस्ट हे त्याचंच टिकाऊ रूप. व्हेन यांना १९८२चं नोबेल मिळालं. म्हणजे मी पाच आठवडे खाल्लेली गोळी आणि हे सलाईन एकाच घराण्याच्या गोष्टीतली दोन टोकं.

डेनोसुमॅबही वापरतात, ६० मिलिग्रॅमचं, कातडीखाली टोचायचं. ते आमच्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत असतं. ज्यांना ते ठिसूळ हाडांसाठी चालू आहे त्यांना मी एकच विनवते: सहा महिन्यांची तारीख चुकवू नका आणि मनानं बंद करू नका. अचानक थांबवलं तर हाड खाल्लं जाण्याचा दबलेला वेग उसळून येतो आणि मणके दबण्याचा धोका असतो. बंद करायचं असेल तर दुसरं औषध लावून, डॉक्टरांच्या सांगण्यानं.

९. सलाईननंतरच्या दोन रात्रींची तयारी करून ठेवा.

डिसेंबरचा पहिला आठवडा. ५ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये. किमान १५ मिनिटं लागायला हवीत, मला अर्धा तास लावला, कारण घाई मूत्रपिंडाला मानवत नाही. आधी दोन पेले पाणी प्यायले होते. दुपारी घरी आले, स्वयंपाकही केला. रात्री दोनला थंडी वाजून ताप, १०२. अंगातलं प्रत्येक हाड वेगळं दुखत होतं. मुलगी घाबरली, पुण्याहून फोनवर रडायला लागली. पण हे मला आधी सांगितलेलं होतं: पहिल्यांदा घेणाऱ्या बऱ्याच जणांना तीन दिवसांपर्यंत फ्लूसारखा त्रास होतो, पॅरासिटामॉल घ्यायचं, पाणी प्यायचं, तो जातो. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

ज्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं ते त्या रात्री काय समजत असतील? आता आमच्या दुकानातून ही बाटली गेली की मी दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन करते.

१०. बरं कशानं वाटलं, याचा हिशेब मला मांडता आलेला नाही.

सलाईननंतर तीन आठवड्यांनी जिना उतरताना पायाकडे लक्ष गेलं नाही. मार्चमध्ये पुन्हा एमआरआय केला, टॅलस जवळजवळ काळं झालेलं, नॅव्हिक्युलरच्या कडेला फिकट पांढरा ढग. पण हे दुखणं बऱ्याच जणांत सहा महिने ते वर्षभरात आपोआपही मिटतं. बूट, ड जीवनसत्त्व, विश्रांती, सलाईन आणि उलटून गेलेले महिने, सगळे एकत्र काम करत होते. लोक विचारतात, ‘त्या सलाईननं गुण आला ना?’ मी म्हणते, माझा तसा समज आहे, पण शपथ घेऊन सांगणार नाही. औषध विकणाऱ्या बाईनं एवढं तरी खरं बोलायला हवं.

हे दुखणं कधीकधी दुसऱ्या हाडात किंवा दुसऱ्या पायात उठतं, हेही सांगितलेलं आहे. एप्रिलमध्ये डाव्या टाचेत चार दिवस दुखलं. त्या वेळी मी गोळी घेतली नाही. चार दिवस बसून राहिले, पाचव्या दिवशी थांबलं.

११. काउंटरच्या आत आता उंच स्टूल आहे.

सुताराकडून करून घेतलं, पाय टेकवायला आडवी पट्टी असलेलं. बिलं मी बसून करते, वरच्या फळीवरचं औषध दुकानातला मुलगा काढून देतो. पाय दुखतोय म्हणून कुणी नुसती गोळी मागायला आलं तर मी ते स्टूल पुढे सरकवते, बसा म्हणते आणि विचारते: किती दिवस? रात्री ठणकतो का? मागं काही लागलं होतं का? साखर आहे का? दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल तर गोळी देत नाही, चिठ्ठी आणायला सांगते. काहीजण रागावून समोरच्या दुकानात जातात. गेल्या आठवड्यात बेदाण्याच्या शेडवर काम करणारी एक बाई अशीच रागावून गेली होती, काल ती एमआरआयचा लिफाफा घेऊन परत आली आणि माझ्या आधी तिनंच स्टूल ओढून घेतलं.